लॉक फाइल आहे, तरी दोन्ही स्क्रिप्ट एकदम आत कशा?

प्रश्न: माझ्या दोन स्क्रिप्ट एकाच फाइलमधला आकडा वाचून त्यात भर घालतात, दोन्ही क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप कामं सुरू करणारा प्रोग्रॅम) दर ५ मिनिटांनी. सुरुवातीला प्रत्येक स्क्रिप्ट लॉक फाइल, म्हणजे काम चालू असल्याची खूण, आहे का बघते, नसेल तर टच कमांडने बनवते, काम झालं की उडवते. तरी अधूनमधून आकडा चुकतोच. शिवाय मागे सर्व्हर मधेच बंद पडला तेव्हा लॉक फाइल तशीच राहिली आणि दोन दिवस काहीच चाललं नाही. काय चुकतंय?

उत्तर: बघणं आणि बनवणं या दोन वेगळ्या पायऱ्या झाल्या ना, तिथेच घोळ आहे. पहिली बघते, फाइल नाहीये, तेवढ्यात दुसरी पण बघते, तिलाही दिसत नाही, मग दोघी टच करतात, आणि टच बिचारा फाइल आधीपासून असली तरी कुरकुर न करता फक्त वेळ बदलून मोकळा होतो. त्यात क्रॉन दोघींना एकाच मिनिटाला सोडतोय! टचच्या जागी एमकेडीआयआर (फोल्डर बनवणारी कमांड) वापरलं तर हे थांबेल, कारण फोल्डर आधीच असेल तर ते सरळ एरर देतं, पण सर्व्हर पडल्यावर फोल्डर मागे राहणारच.

म्हणून लिनक्सवर फ्लॉक ही लॉक घेणारी कमांड वापरा. यात लॉक कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांभाळतो, प्रोसेस कशीही मेली, अगदी किल मायनस ९ ने मारली तरी लॉक आपोआप सुटतं. फाइल पडून राहिली तर राहू द्या, उडवू तर अजिबात नका, नाहीतर एक स्क्रिप्ट जुन्या फाइलवर लॉक धरून बसते, दुसरी त्याच नावाच्या नव्या फाइलवर, आणि दोघींना वाटतं आपणच एकट्या.

क्रॉनच्या दोन्ही ओळींत स्क्रिप्टच्या आधी फ्लॉक मायनस डब्ल्यू ६० आणि तीच लॉक फाइल द्या, म्हणजे ६० सेकंदांपर्यंत वाट बघेल. सगळे मायनस एन सांगतात, पण त्यात लॉक मिळालं नाही की फ्लॉक लगेच माघार घेतो, स्क्रिप्ट चालतच नाही, म्हणजे दोघी एकदम आल्या की एकीचं काम बुडेल.

लॉक आकड्याच्या फाइलवर नको, वेगळ्या फाइलवर घ्या, कारण उद्या नवीन फाइल बनवून एमव्हीने (फाइल हलवणारी कमांड) जागेवर ठेवलीत तर लॉक जुन्या फाइलवरच राहील. आणि हे लॉक मानणाऱ्यांसाठीच असतं बरं का, तिसऱ्या कुठल्या स्क्रिप्टने फ्लॉक न विचारता लिहिलं तर तिला कोणी अडवत नाही.