फ्लॉरेन्समध्ये उफिझी संग्रहालय आणि डेव्हिडचा पुतळा सोडून, पर्यटक सहसा जात नाहीत असं काय पाहावं?

मी कोल्हापूरची, त्यामुळे सुरुवात राजाराम महाराजांच्या स्मारक-छत्रीपासूनच करणार. कासीने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे. शाहू महाराजांच्या आधी होऊन गेलेले कोल्हापूरचे हे छत्रपती विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी. तिकडे दहनाची पद्धत नव्हती; खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे छत्री झाली. आराखडा मेजर मँटचा, म्हणजे कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्याच्या आराखड्यावर उभा राहिला तोच. जवळच्या पुलाचं नावही 'इंडियानो'.

आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो. मॅनेजरला विनवलं तर म्हणाला, "तिथे नुसती झाडं आहेत." दुपार मात्र लेदर मार्केटसाठी मोकळी! थोरले दीर म्हणाले, "एवढे पैसे भरून इटलीत छत्रीच बघायची? पंचगंगेवर काय कमी आहेत?" ते मला लागलं. जाऊबाईंना घेऊन मी ट्रॅमने कासीने स्टॉपवर उतरले आणि दोघी नदीकाठाने चालत सुटलो. छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. चेहरा कोवळा. माझा मुलगा तेव्हा त्याच वयाचा, पहिल्यांदाच घर सोडून शिकायला गेलेला. चपला काढून नमस्कार केला, आणि मला रडू आवरेना.

बाकी, पोन्ते वेक्कियोवर सोन्याच्या दुकानांसमोर फोटो काढत बसू नका. पूल ओलांडला की लगेच सांता फेलिचिता चर्च आहे, तिथलं पोंतोर्मोचं चित्र बघा. सांत आपोलोनिया या जुन्या मठाच्या भोजनगृहात कास्तान्योने भिंतभर 'लास्ट सपर' रंगवलंय. स्काल्झो या जुन्या धार्मिक मंडळाच्या वास्तूतल्या छोट्या चौकात आंद्रेआ देल सार्तोची एकरंगी भित्तिचित्रं आहेत. मला तरी ही उफिझीतल्या धक्काबुक्कीपेक्षा जास्त भावली.

आणि बरोबरचं कुणी "परदेशात आपलंच काय बघायचं" म्हणालं, तर ऐकू नका. रोममध्ये कवी कीट्सच्या थडग्यावर इंग्रज आवर्जून जातात, त्यांना कुणी हे विचारत नाही. आमच्या दिरांना हे मी तेव्हाच ऐकवायला हवं होतं.

हो, बाग साडेतीन किलोमीटर लांब आहे. गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा, पाणी जवळ ठेवा, अंधार पडायच्या आत परता. स्काल्झो रोज उघडं नसतं, वार बघून जा.