मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला भाड्याच्या घरात राहते, तिथल्या घर तापवणाऱ्या बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतंय. कोल्हापुरातून आम्ही तिला काय सांगावं?

आधी तुमच्या शेवटच्या ओळीला उत्तर देतो, कारण तातडीचं तेच आहे. ओळखीच्या गिझरवाल्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन मुलीकडून बॉयलरचं झाकण उघडून घ्यायचं तुमच्या मनात आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. कृपा करून तसं करू नका. तो माणूस त्याच्या कामात कितीही तरबेज असू दे. तिकडच्या बॉयलरची ज्वाला बंद कप्प्यात जळते. त्यासाठी लागणारी हवा नळीने बाहेरून येते आणि धूरही नळीनेच भिंतीपलीकडे जातो. काही मॉडेलांत समोरचं झाकण हाच त्या कप्प्याचा एक भाग असतो. ते परत बसवताना कडेचं सील नीट बसलं नाही, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून तिथला मेकॅनिक झाकण लावल्यावर यंत्र लावून धूर तपासतो, मगच निघतो. शिवाय ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणावर धंदा म्हणून काम करायचं तर गॅस सेफ रजिस्टर या तिथल्या अधिकृत यादीत नाव असावंच लागतं. २००९पासून तिथे हीच नोंदणी चालते.

मी मूळचा कोल्हापूरचा. आयटीआय करून आधी इथल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये होतो, नंतर लीड्स ज्या भागात आहे त्या यॉर्कशायरमध्ये घरोघरच्या हीटिंगच्या कामात बरीच वर्षं काढली. आता परत इथेच आहे. तेव्हा तुमच्या मुलीचं घर माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं.

तुम्ही लिहिलंय की दर दोन-तीन दिवसांनी प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याकडे येतो, बॉयलर बंद पडतो, मग ती खालचे कॉक उघडून पाणी भरते आणि तो पुन्हा चालू होतो. घरमालकाचा एजंट म्हणतो, असं होतंच, भरत राहा. एजंटचं हे म्हणणं मला पटत नाही. वर्षातून एक-दोनदा पाणी भरावं लागलं तर समजू शकतो. दर तीन दिवसांनी भरावं लागतंय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय, आणि ते कुठे जातंय हे शोधल्याशिवाय हा त्रास थांबणार नाही.

आपल्याकडे पाणी तापवतात ते आंघोळीला. तापलं, वापरलं, मोरीतून गेलं. तिकडे आंघोळीचं पाणी वेगळ्या वाटेनं तापतं आणि रेडिएटरमधलं पाणी बंद पाइपात वर्षानुवर्षं तेच फिरत राहतं. पंप ते ढकलतो, बॉयलर तापवतो, रेडिएटर त्याची ऊब खोलीत सोडतो. हे पाणी थंड असताना प्रेशर साधारण १ ते १.५ बार (बार हे दाबाचं माप) असावं. त्यापेक्षा फार खाली, म्हणजे ०.५ बारच्या आसपास किंवा त्याखाली गेलं की बहुतेक बॉयलर स्वतःच्या बचावासाठी बंद होतात. तिचा बॉयलर बंद पडतो तो यामुळेच, त्यात वेगळा बिघाड असेल असं मला वाटत नाही.

आता खरी गोम. पाणी तापलं की फुगतं. यंत्रणेत शंभर लिटर पाणी असेल तर १० अंशांवरून ८० अंशांवर जाताना ते जवळजवळ तीन लिटरनं वाढतं. बंद पाइपात हे वाढीव पाणी जाणार कुठे? त्यासाठी बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल नावाचा एक लोखंडी डबा असतो. त्याच्या आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की हवा दबते, थंड झालं की हवा पाण्याला परत ढकलते. वर्षं गेली की ही हवा हळूहळू निघून जाते किंवा पडदा फाटतो. मग फुगलेल्या पाण्याला जागाच राहत नाही, प्रेशर वर चढतं आणि ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून फेकून देतो. रात्री यंत्रणा थंड झाली की तेवढं पाणी कमी असतं, म्हणून सकाळी काटा तळाला. पुन्हा पाणी भरा, पुन्हा तापवा, पुन्हा तेच. एकदा उघडलेला हा व्हॉल्व्ह कचरा अडकून पुढे नीट मिटतही नाही आणि ठिबकत राहतो. त्यामुळे व्हेसलमध्ये हवा भरून घेतली तरी व्हॉल्व्ह तपासून घ्यावा, बहुधा बदलावाच लागतो.

तुमच्या मुलीच्या घरी हेच झालंय का, हे ती कशालाही हात न लावता सांगू शकेल. पहाटे हीटिंग सुरू व्हायच्या आधी गेजचा एक फोटो काढायचा आणि चांगलं तासभर तापल्यावर दुसरा. थंड असताना १.२ आणि गरम झाल्यावर १.८ असेल तर व्हेसल ठीक आहे. काटा ३च्या जवळ पोचत असेल तर दोष व्हेसलमध्येच असणार. बाहेरच्या तांब्याच्या नळीखाली भिंत ओली दिसते का, तेही बघावं, पण नळीला हात लावू नये, तिच्यातून पोळणारं पाणी येऊ शकतं. आणि काटा गरम असतानाही हळूहळू उतरतच राहिला, तर गळती रेडिएटरच्या कॉकपाशी किंवा लाकडी फरशीखालच्या पाइपाला असेल. प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांना कोरडा टिश्यू पेपर लावून बघितला की थेंबभर पाणीही कळतं, शिवाय तिथे हिरवट किंवा तांबूस डाग दिसतो. बॉयलरच्या आतला हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्वालेची उष्णता पाण्याला देणारा भाग, चिरलेला असण्याचीही शक्यता असते, पण ते मेकॅनिकनंच बघायचं.

तोवर पाणी भरावंच लागणार, तर बॉयलर बंद करून, थंड होऊ देऊन भरावं. कॉक अगदी हळू उघडायचे, काटा १.२ ते १.५च्या मध्ये आला की दोन्ही घट्ट बंद. दांडी पाइपाला आडवी म्हणजे बंद. एक जरी अर्धवट उघडा राहिला तरी प्रेशर आपोआप चढत जातं. आणि सारखं भरत राहणं वाईट का, तेही तिला सांगा: ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, रेडिएटर आतून गंजतात, त्याचा काळा गाळ तळाशी बसतो आणि त्या पाण्यात घातलेलं गंजरोधक औषध पातळ होत जातं. रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम असेल तर आत हवा आहे, ती छोट्या किल्लीनं काढता येते (त्यानंतर प्रेशर थोडं उतरतं, घाबरू नये). खालून थंड असेल तर गाळ आहे, आणि तो उपसून काढणं घरमालकाचं काम.

घरमालकाच्या जबाबदारीबद्दल जरा खुलून लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. आपली पोरं तिकडे थंडी सोसतात, पण तक्रार करत नाहीत. मालक चिडेल, डिपॉझिट अडवेल, व्हिसाला काही होईल, अशी भीती. आणि आपण आईवडील फोनवर "सांभाळून घे गं" म्हणतो. तिला सांभाळून घ्यायला सांगू नका. इंग्लंडमध्ये १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११नुसार खोल्या आणि पाणी तापवण्याची यंत्रणा चालू ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार दर बारा महिन्यांनी गॅसच्या उपकरणांची तपासणी करून घ्यावी लागते आणि तिचा कागद भाडेकरूला द्यावा लागतो. तो कागद तिच्याकडे आहे का, विचारा. मात्र एजंट तोच कागद दाखवून "बॉयलर ओके आहे" म्हणाला तर तिनं गप्प बसू नये. ही तपासणी गॅस सुरक्षित आहे का एवढंच बघते. व्हेसलमधली हवा सर्व्हिसिंगमध्ये बघतात, आणि ते काम वेगळं.

एजंटला फोन न करता ईमेल पाठवायला सांगा. त्यात तीनच गोष्टी हव्यात: कोणत्या तारखांना पाणी भरलं, गेजचे थंड आणि गरम असतानाचे फोटो, आणि "गॅस सेफ नोंदणी असलेला इंजिनीअर पाठवून एक्स्पान्शन व्हेसल व सेफ्टी व्हॉल्व्ह तपासावेत" ही स्पष्ट मागणी. घरात राहणाऱ्या चारही मैत्रिणींची नावं खाली असू देत. तरीही हालचाल झाली नाही तर तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, घरांसंबंधीच्या विभागाकडे तक्रार करता येते. इंजिनीअर आला की त्याचं ओळखपत्र मागावं. पाठीमागे तो कोणकोणत्या कामाला पात्र आहे ते छापलेलं असतं, आणि ते दाखवायला कुणी रागावत नाही.

कडाक्याच्या थंडीत आणखी एक प्रकार होतो, तो प्रेशरशी संबंधित नाही. नव्या कंडेन्सिंग बॉयलरमधून धुरातलं पाणी एका बारीक प्लास्टिकच्या पाइपानं बाहेर सोडलेलं असतं. रात्री पारा शून्याखाली गेला की ते पाणी पाइपातच गोठतं, बॉयलर गुडगुड आवाज करतो आणि बंद पडतो. पाइप हाताच्या उंचीवर असेल तर त्यावर कोमट पाणी ओतावं, उकळतं नाही, आणि मग रीसेट दाबावं. शिडीवर मात्र चढू नये.

घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे आजच विचारा. ऑक्टोबर २०२२पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहण्याच्या ज्या खोलीत बॉयलर आहे तिथे मालकानं तो लावलाच पाहिजे. तो वाजला, किंवा सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं आणि घराबाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर बॉयलर बंद, खिडक्या उघड्या आणि सगळ्यांनी बाहेर. मग ०८०० १११ ९९९ हा तिथला गॅसचा आपत्कालीन नंबर फिरवायचा. तो चोवीस तास चालू असतो. तिच्या फोनमध्ये आधीच टाकून ठेवायला सांगा. आणि हे वाचता वाचता तुमच्या घरातला गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर तो बाहेर काढून घ्या, धोका अगदी तोच आहे.

नाताळच्या सुट्टीत ती कोल्हापूरला येणार असेल तर निघताना बॉयलर पूर्ण बंद करू नये, थर्मोस्टॅट १२ ते १५ अंशांवर ठेवून यावं. बॉयलरला गोठण्यापासून बचावाची सोय असते, पण ती विजेवर चालते आणि लांबच्या खोलीतल्या पाइपाला पुरत नाही. प्रेशर आत्तासारखंच उतरत राहिलं तर रिकाम्या घरात तिसऱ्या दिवशी बॉयलर बंद पडेल आणि थर्मोस्टॅट लावून काही उपयोग होणार नाही, म्हणून दुरुस्ती त्याआधीच करून घ्यायला हवी. दोन्ही वेळचे फोटो आले की इथे टाका, मी बघून सांगतो.