कीपॅडवाला फोन घ्यायचाय. बटणं आणि मेनू कुठल्या फोनचे वापरायला सोपे?

बटणांची कसोटी एकच: डोळे मिटून नंबर लावता आला पाहिजे. आणि मेनूत प्रत्येक गोष्टीची जागा कायमची ठरलेली हवी. या दोन्ही बाबतीत नोकिया ३३१० ला तोड नव्हती, आणि तो २००० सालचा फोन. नंतरचे बहुतेक फोन शोकेसमध्ये छान दिसायचे, इतकंच.

एवढं ठासून सांगतेय कारण आमच्या घरी यावरून दादाशी माझं कायमचं वाजलेलं आहे. बाबांकडे ३३१० होता. नजर अधू, पण अंगठा पक्का. आधी पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटा चाचपायचे. तो सापडला की बाकीचा कीपॅड हाताखाली आलाच. मेनूतल्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक होता, तो स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचा. मेसेज लिहायचा तर मेनू, दोन, एक. बघायची गरजच नाही. स्क्रीनखाली एकच मोठं बटण, चुकलं तर ‘सी’. ‘एस’साठी सात चारदा दाबावा लागे, त्याबद्दल कधी कुरकूर नाही. टी-नाइन, म्हणजे दाबलेल्या आकड्यांवरून फोनने शब्द ओळखायची सोय, मात्र त्यांनी बंद करायला लावली. ४६६३ दाबल्यावर ‘गुड’ आलं की ‘होम’, हे बघायला स्क्रीनकडे वळावंच लागतं ना!

मग दादाने हौसेने नवा फोन आणला. बटणं एकाच पत्र्यावर रेघा मारल्यासारखी सपाट. मेनू उघडला की तीन बाय तीन चित्रं. आणि स्क्रीनखाली दोन बटणं, त्यातलं डावं म्हणजे ‘मागे’. बाबा फोन डाव्या हातात धरायचे, त्यामुळे अंगठा आधी तिथेच पडायचा. अख्खा मेसेज जुळवायचे, सवयीने स्क्रीनखालचं बटण दाबायचे, की लिहिलेलं गायब. काही दिवसांनी मेसेज करणंच सोडलं. हिरवं आणि लाल, दोनच बटणं उरली त्यांच्यासाठी.

दादाचं म्हणणं, वय झालं की नवीन शिकायची इच्छा राहत नाही. अरे, पहिला मोबाइलच ते साठी उलटल्यावर शिकले! बटणांचा टेलिफोन १९६३ मध्ये बाजारात आला, त्याआधी बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेने लोकांना बसवून बटणांच्या निरनिराळ्या मांडण्या दाबायला लावल्या होत्या आणि कशात वेळ लागतो, कशात चुका होतात ते मोजलं होतं. चुकणाऱ्याचं वय झालंय म्हणून विषय मिटवला नव्हता.

आता तुमचं. तो जुना ३३१० शोधत बसू नका, बऱ्याच देशांत त्याला लागणारं टूजी नेटवर्क बंद झालंय. २०१७ मध्ये त्याच नावाचा फोन आला, पण त्याचा मेनू चित्रांचाच. तसं चित्रांच्या मेनूतही काही फोनमध्ये आकडा दाबला की त्या जागेवरचं चित्र उघडतं. तसा असेल तर खुशाल घ्या. दुकानात मेनू उघडून आकडा दाबून बघा, पाचवर उंचवटा लागतो का बघा, मेसेज अर्धा लिहून ‘मागे’ दाबा आणि तो ड्राफ्टमध्ये राहतो का तेही बघा.

आणि फोन दुसऱ्या कुणासाठी असेल तर त्या माणसाला सोबत न्या. दादा एकटाच गेला होता.