बंदुकीचा परवाना आहे, मग डुक्कर मारू का?

प्रश्न : शेतीसंरक्षणासाठी माझ्याकडे ठासणीची बंदूक आहे, परवाना माझ्या नावावर आणि चालू आहे. दोन वर्षं रानडुकरं भात लोळवतायत. वनरक्षकाला सांगितलं तर म्हणाला, "मारा, काय होत नाय." फासक्या लावल्या, उपयोग नाही. मारू का? (एक शेतकरी, कुडाळ तालुका)

उत्तर : आज रात्री तरी नको.

भात पोटरीला आलं की अशी पत्रं येतातच, त्यामुळे नुकसानीचं मला सांगू नका. तुमचा परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखालचा, म्हणजे बंदूक बाळगण्याचा. जनावर मारण्याची परवानगी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून येते. हौसेच्या शिकारीचे परवाने 1991 च्या दुरुस्तीने संपले. उरलं त्याच कायद्याचं कलम 11(1)(ख), पिकाला धोका झालेलं जनावर मारू देणारं, आणि तिथे सगळं दोन शब्दांवर अडतं : लेखी आदेश. अधिकृत अधिकाऱ्याचा, कारणांसह आणि बार काढण्याआधीचा. वनरक्षकाचं "मारा" कोर्टात टिकणार नाही. पंचनाम्याला बहुधा तोच येईल.

दोन वर्षं तोंडी तक्रारी केल्यात आणि हातात एक कागद नाही, याला काय म्हणावं? सातबारा आणि फोटो जोडून वनक्षेत्रपालांकडे अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. आदेश कोणाच्या सहीने आणि किती दिवसांचा, ते चालू शासन निर्णयावर ठरतं, तिथेच विचारा. भरपाईचा अर्ज वेगळा. त्याची मुदत दिवसांत मोजतात.

"स्वसंरक्षणात मारलं" म्हणायचा विचार असेल तर सोडा. 11(2) माणसाच्या जिवासाठी आहे, भातासाठी नाही. आणि आदेशाने मारलेलं डुक्करही कलम 39 प्रमाणे सरकारचं; 48 तासांत कळवायचं. मांसाचे वाटे घातलेत तर अख्खी वाडी साक्षीदार. शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही, पण प्रत्यक्षात माणूस तारखांनीच थकतो, बंदूक मुद्देमालात गंजते ती वेगळीच.

फासक्यांचं तुम्ही सहज लिहून गेलात. कायद्याने फासकी लावणं हीसुद्धा शिकारच, काही सापडो न सापडो. तिच्यात बिबट्या अडकला तर पहिली अनुसूची, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी : किमान तीन वर्षं, कमाल सात. त्या आजच काढा, अर्ज उद्या.