दावा रद्द झाला म्हणजे केस गेली का?

प्रश्न असा आलाय की रोलर ड्राइव्हच्या, म्हणजे कन्व्हेयरचे रोलर फिरवणाऱ्या यंत्रणेच्या पेटंटवरून झालेल्या अपिलाचा मराठी सारांश वाचला, त्यात 'अपील अंशतः मंजूर, दावा १ रद्द, दावा ४ कायम' असं लिहिलंय, मग दावे होते तरी किती आणि जिंकलं कोण? विचारणारे कुपवाड एमआयडीसीत कन्व्हेयर बनवतात, तेव्हा कामाचाच प्रश्न.

सगळा घोळ 'दावा'चा आहे. सांगलीच्या कोर्टात दावा म्हणजे दिवाणी दावा, वाटपाचा, मनाईचा, 'भावानं भावावर दावा ठोकला' तो. (म्हशीचं दावं वेगळं, त्याचा इथं संबंध नाही.) हा दावा फेटाळला की माणूस हात हलवत परत. पेटंटमधला दावा म्हणजे क्लेम. पेटंटच्या कागदात शेवटी नंबर घालून जी वाक्यं असतात ना, ती, खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखी, इथपर्यंत माझं आणि पुढं दुसऱ्याचं.

आता समजा क्लेम १ असा आहे: 'मोटर, तिच्यावरचा पट्टा आणि पट्ट्यानं फिरणारे रोलर'. हे कुठलाही फिटर चहा पिता पिता सांगेल, टिकणार कसं? क्लेम ४ म्हणतो, १ प्रमाणेच, पण पट्टा सैल पडला की आपोआप ताणणारी स्प्रिंगवाली पुली बसवलेली. १ उडाला तरी ४ राहू शकतो, कारण त्याची हद्द लहान आहे. म्हणजे ती पुली न लावता रोलर फिरवणारा निदान या दोन क्लेममधून सुटला, आणि पुली लावणारा अजून अडकलेलाच. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये लेथवर भांडं धरायच्या साधनाचं पेटंट टिकवलं नाही, ते क्लेम १ सारख्याच कारणानं, वर्कशॉपमधल्या साध्या सुधारणेला शोध म्हणत नाहीत.

अजून एक गडबड नेहमी होते. 'अपील दाखल करून घेतलं' म्हणजे फक्त सुनावणी होणार, 'अपील मंजूर' म्हणजे अपील करणाऱ्याचं म्हणणं मान्य झालं. बातम्यांत दोन्हीला सर्रास 'स्वीकारलं' लिहितात आणि वाचणारा गार. आपल्याकडं पेटंट कंट्रोलरच्या, म्हणजे पेटंट देणाऱ्या-नाकारणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या निर्णयावरचं अपील आधी बौद्धिक संपदेच्या अपिलीय मंडळाकडं जायचं, ते २०२१ मध्ये बंद झालं, आता हायकोर्टात जातं, मुदत ३ महिने. आणि तिथं वादी-प्रतिवादी नाही म्हणायचं, अपिलार्थी आणि उत्तरवादी.

सरकारी भाषांतरात क्लेमला दावाच म्हणतात, चूक नाही, पण कोर्टाची बातमी असेल तर मी सरळ क्लेम लिहितो, शुद्धतावाल्यांनी रागवावं. तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं: 'पेटंट रद्द करा म्हणणाऱ्याचं अपील अर्धंच मान्य झालं, पेटंटचा १ नंबरचा क्लेम गेला, ४ नंबरचा शाबूत.'