क्रीडा कोटा नंतर, आधी मान

तुमच्या पत्राचं पहिलं पान मुलीच्या योगासन स्पर्धा आणि त्यातून मिळणाऱ्या क्रीडा कोट्यावर आहे. तिची मान दुखते, चक्कर येते हे दुसऱ्या पानावर आणि डॉपलरचा, म्हणजे मानेतल्या रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट थेट ता. क. मध्ये. हा क्रमच मला खटकला. अकरावीतली मुलगी म्हणते, ‘आता मान वाकवायची नाही,’ आणि तुम्ही त्याला आळस म्हणता. आळस नव्हे तो. गंडभेरुंडासनात हनुवटी जमिनीला टेकते, मान पूर्ण मागे जाते, पाय डोक्यावरून पुढे येतात. मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्यांवर त्या वेळी ताण येतो. ‘राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत तरी’ हा हट्ट सोडा.

रिपोर्टमध्ये उजवी इंटर्नल कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, नागमोडी आहे, रक्तप्रवाह नॉर्मल. नागमोडी म्हणजे ब्लॉकेज नव्हे. उतारवयात, ब्लड प्रेशर असलं की धमनी लांबते, वळते. सोळाव्या वर्षी सैल सांध्यांसोबत असं वळण दिसलं, तर मात्र मार्फान, लोइस-डिट्झ यांसारखे आनुवंशिक आजार नाहीत ना, हे बघायला हवं. त्यांत धमनीची भिंत फाटू शकते. बायटन स्कोअर ९ पैकी ८ असल्याचं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. तो स्कोअर सांध्यांचा सैलपणा मोजतो, धमन्यांचा नाही. व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस या धमन्या कमजोर करणाऱ्या आजारात कित्येकदा फक्त बोटांचेच सांधे सैल असतात. सैल सांध्यांच्या बहुतेक मुलांना यातलं काहीच नसतं, पण ते तपासूनच ठरतं.

कार्डिओलॉजिस्टकडून इको (हृदयाची सोनोग्राफी) करून महाधमनीचं मूळ मोजून घ्या, मग जेनेटिक्स ओपीडी. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तिथे सांगा. पडजीभ दुभंगलेली आहे का, तेही डॉक्टरांना बघायला सांगा. तोवर शीर्षासन, हलासन बंद. सलूनमध्ये मान मोडून घेणंही बंद. एका बाजूला अचानक तीव्र मानदुखी, पापणी उतरणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सीत न्या.

फिजिओथेरपीच्या प्रवेशाला ‘नीट’ परीक्षा द्यावी लागेल. पण तिथे दिवसभर अंगठ्यानं दाब द्यायचा असतो आणि तिचा अंगठा मनगटाला टेकतो. असा सैल अंगठा लवकर दुखावतो. तिला जीवशास्त्र आवडतं, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. मग बीएस्सी आणि पुढे जेनेटिक्स ही वाट तिच्याशी बोलून बघा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि इकोची तारीख त्यात असू द्या.