हस्तातला वसंत

जुळे सोलापुरातल्या एका वाचकाचा प्रश्न: कुंडीतल्या डाळिंबाचं पाणी तोडा आणि हस्त बहार धरा, असं नर्सरीवाल्याने सांगितलं. बहार म्हणजे वसंत ना, मग तो सप्टेंबर-ऑक्टोबरात कसा? आणि पानं गळालेलं झाड 'सुप्तावस्थेत' आहे असं म्हणावं का?

'बहार' म्हणजे मजा, हा अर्थ सोडून देतो. फक्त मजेची बहार येते आणि बागेतला बहार, म्हणजे झाडाचा फुलोरा, धरतात, एवढं लिंग तरी सांभाळा. आणि आंबे बहार म्हणजे आंब्याचं पीक नव्हे, हे किती वेळा सांगायचं! आंबा मोहरतो त्या जानेवारी-फेब्रुवारीत डाळिंबाला धरतात, तो आंबे बहार. तसाच मृगातला मृग बहार, हस्तातला हस्त बहार.

आता खरी गंमत. कोशकार बहारपुढे 'फा.' लिहून मोकळे होतात. अहो, फारसीत तो आला कुठून? आपल्या 'व'चा तिकडे 'ब' होतो: वात, बाद. 'स'चा 'ह' होतो: मास, माह, सप्त, हफ्त, ज्यावरून आपला हप्ता. हे दोन्ही बदल उलटे फिरवा, बहारमधून 'वसर' डोकावतो. वसंताचं मूळही तेच! वसंतात 'स' उरला, बहारात 'र'. दोन्ही एकत्र हवेत तर लिथुआनियन भाषा बघा, तिथे उन्हाळ्याला 'वसरा' म्हणतात. आपला 'वासर' म्हणजे दिवस, तोही याच घरातला, असं माझं ठाम मत आहे. 'बहार परका, फुलोरा म्हणा' असा आग्रह धरणाऱ्या शुद्धिवाद्यांनी हे एकदा वाचावं. हाकलायला निघालात तो वसंताचा चुलत भाऊ आहे.

राहिली सुप्तावस्था. ती कळलावीला शोभते: पावसाळा सरला की वेल वाळून जाते आणि कंद जमिनीत पडून राहतो. डाळिंब आपल्या हवेत पाणी मिळेल तर वर्षभर फुलत राहतं, त्याला मुद्दाम थांबवावं लागतं. पाणी तोडून असं थांबवण्याला सांगोल्याकडे नेमका शब्द आहे, ताण. ताण दिला की पानं पिवळी पडून गळतात, काटेरी काड्या उरतात. मग ताण तोडायचा, म्हणजे पाणी सोडायचं. काही दिवसांत काडीवर तांबूस पालवी फुटते, मागोमाग कळी. तेव्हा तुमचं झाड ताणावर आहे, असं म्हणा.